इजा झाल्यास मंडळ जबाबदार

नसीम, अगं झाली! स्पर्धा झाली! रेणापूरला, शाळेच्या मैदानावर, तुझ्या सगळ्या अटींसकट झाली. काल मॅट गुंडाळून टेम्पोत टाकली तेव्हा माझ्या गळ्यातून आवाज निघंना. मालक म्हणाले, दोन दिवस तोंड बंद ठेव, लातूरच्या धान्यमोंढ्याला तेवढीच विश्रांती. तोंड बंद ठेवलंय, म्हणून लिहायला बसले. तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय आणि मी ही अशी आनंदात. कुणी बघितलं तर म्हणेल, हिला मैत्रीण गेल्याचं काही वाटतंय का नाही. वाटतंय गं. रोज वाटतंय. पण एवढी मोठी बातमी पोटात ठेवून मला रडायला येत नाही, आधी ती सांगून घेते.

तर ऐक. ते वाक्य मी काढलं.

हाव, तेच. आपल्याकडं कबड्डीच्या स्पर्धेचं पत्रक कुणाचंही उचल, मुदखेडचं असो की शिरूर अनंतपाळचं. वर देवाचं नाव, खाली पाहुण्यांची नावं, मग बक्षिसं, मग नियम, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, ‘खेळताना इजा झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ आमच्या मंडळाच्या पत्रकावर तर हे वाक्य सासऱ्यांच्या काळापासून आहे. छापखानेवाला विचारतसुद्धा नाही, लग्नपत्रिकेत जसा गणपती आपोआप येतो तसं ते येतं. आणि तू वकील झाल्यापासून दरवर्षी पत्रक हातात पडलं की संध्याकाळच्या आत तुझा फोन. “लीले, फिर वही? काढ ते वाक्य. कोर्टात त्याची किंमत रद्दीएवढी न्हाई.”

शिवलीला एवढं चांगलं नाव असताना मला लीले म्हणणारी जगात तू एकटीच. बरं, मी काय म्हणायची ते आठवतंय ना? मी म्हणायची, कबड्डी आहे ही बाई, कॅरम नाही. लागणारच! मंडळ म्हणजे कोण गं? दिवसभर दुकान बघून संध्याकाळी मैदानावर पाणी मारणारी माणसं. त्यांना तू कायद्याचा बडगा दाखवलास तर उद्या स्पर्धा भरवायची कुणी? कायदा राहील आणि खेळ मरंल. आणि खरं सांगू का, मला अजूनही वाटतं माझ्या बोलण्यात दम होता. मेलीस म्हणून मी तेवढं सोडणार नाही.

तू मात्र शांतपणे, तो तुझा कोर्टातला आवाज काढून म्हणायचीस, “खेळाचा धोका खेळाडूचा, मान्य. पकडीत खांदा निखळला, हा खेळ. पण मॅटच्या जोडात पाय अडकला, गॅलरी बसली, मैदानावर डॉक्टरच नव्हता, याला खेळ म्हणत नाहीत. हा तुमचा आळस आहे. तुमच्या आळसाचा धोका पोरीनं कायकू घ्यायचा? अठरा वर्षांखालच्या पोरीची सही तर कायद्यात धरतच न्हाईत. तिच्या बापानं सही केली तरी तुमचा निष्काळजीपणा धुऊन निघत न्हाई.” मग मी म्हणायची, आलीस मोठी कायदेवाली. मग तू हसायचीस. आणि वाक्य तसंच छापून यायचं.

आपण दोघी एकाच मातीत खेळलो म्हणून हे भांडण इतकी वर्षं टिकलं. विद्यापीठाच्या संघात मी डाव्या कोपऱ्यात आणि तू माझ्या शेजारी, हात धरून. साखळी पकडीत हात सुटला की संपलं, म्हणून तू माझं मनगट असं आवळायचीस की वसतिगृहात भाकरी मोडताना माझं बोट वाकायचं नाही. तेव्हा मॅट कुठली आली, खडे वेचून खेळायचो. गुडघे सोलले की तू माझ्या गुडघ्यावर हळद दाबायचीस आणि मी बोंबलायची. तेव्हा कुणी जबाबदार होतं का? कुणीच नाही. आणि तरी काय दिवस होते नसीम! मला तेच दिवस पुढच्या पोरींना द्यायचे होते. तुला तेच दिवस द्यायचे होते, फक्त खडे काढून.

तुझी ती पहिली केस मला पाठ आहे, किती वेळा सांगितलीस. मॅटचे दोन तुकडे नीट जुळवले नव्हते, फटीत पाय अडकून एका पोरीचा गुडघा कायमचा गेला. मंडळाच्या वकिलानं ऐटीत पत्रक काढून ते वाक्य वाचून दाखवलं. जज्जसाहेबांनी पत्रक हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं आणि एवढंच विचारलं, “मॅट कुणी जोडली होती?” तू हा प्रसंग सांगताना दर वेळी जज्जांचा आवाज वेगळा काढायचीस. कधी लई जाड, कधी नाकातला. पण शेवटी पोरीचं नाव घ्यायचीस तेव्हा तुझा स्वतःचा आवाज असायचा.

आणि त्यानंतरच तुझी ती सोयाबीनची परीक्षा सुरू झाली! हे मी मालकांच्या पाहुण्यांना अजून सांगते आणि कुणाला खरं वाटत नाही. त्या वर्षी आमचा मंडपवाला म्हणाला होता, “ताई, गॅलरी अशी बांधलीय की हत्ती बसवा.” तू चष्मा वर करून म्हणालीस, “हत्ती कुठून आणू? लीले, तुझ्या अडतीवर काय हाय?” काय असणार, सोयाबीन. आमचा धंदाच तो. “मग सोयाबीन बसवू. माणसाच्या जागी पोतं. माणसं नाचतात म्हणून त्याच्यावर आणखी एक पोतं. दिवसभर बसू दे. काही झालं तर पोत्याच्या घरी रडायला कुणी नसतं.” त्या दिवशी मोंढ्यातले हमाल पायऱ्या चढून गॅलरीत पोती मांडत होते आणि गाव बघायला लोटलं होतं. एक म्हातारबा विचारून गेले, “सोयाबीनला कबड्डी कळती का?” मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की लग्नात सासऱ्यांनी काय काय लपवलं याचा हिशोब करत असावेत. पण गॅलरी टिकली आणि त्या वर्षीपासून स्पर्धेच्या आदल्या दिवशी आधी पोती बसतात, मग माणसं.

हे सगळं तू जगासाठी केलंस. आणि स्वतःसाठी? आठवडाभर छातीत जळजळतंय म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खात मुदखेड ते नांदेड गाडीनं कोर्टात जाऊन राहिलीस! पोरीच्या घोट्याला सूज आली तर एक्स-रे काढल्याशिवाय तू तिला मैदानात सोडली नाहीस, आणि स्वतःचा एक ईसीजी काढला नाहीस. शेवटच्या फोनवर आपण भांडतच होतो. तू म्हणालीस, “बाद में बात करते, जळजळ वाढली.” मी म्हणाले, भांडण हरायला लागलीस की तुझी जळजळ वाढते. तू हसलीस. त्या हसण्यावर मी आज जगते आणि त्याच हसण्यावर मला तुझा एवढा राग येतो की समोर असतीस तर दोन धपाटे घातले असते. तुझ्या घरी बायकांत बसले होते तेव्हाही मी रडण्यापेक्षा तुला शिव्याच जास्त देत होते. तुझी भावजय म्हणाली, “द्या दीदी, आपाला आवडल्या असत्या.”

आता खरी गोष्ट. तू गेल्यावर स्पर्धा तोंडावर आलेली, आणि तुझा मुदखेडचा संघ येणार नाही असा निरोप आला. पोरी रोज सराव करत होत्या म्हणे, तयारी सगळी होती. पण घरचे सोडेनात. मी पहिली गाडी धरली आणि मुदखेडला गेले, थेट सानियाच्या घरी. तुझी लाडकी सानिया, चढाईला गेली की रेषेवरून परत येताना जीभ दाखवणारी. तिची अम्मी, रुखसानाभाभी, स्टेशनाजवळच्या त्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली. ब्लाऊजची बाही शिवता शिवता माझ्याशी बोलली. मशीन काही थांबवलं नाही.

“आपा थे तो बात अलग थी ताई. आपा दारातून हात पकडके नेत होत्या, दारात हात पकडके आणत होत्या. आता कौन जिम्मेदार?”

मी म्हणाले, भाभी, मंडळ आहे की. आमचं मोठं मंडळ आहे, नाव आहे आमचं.

तिनं बाजूला पडलेलं आमचं पत्रक उचललं. भाभी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, तळाच्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला ते वाक्य वाचून दाखवलं, एकेक शब्द. मग म्हणाली, “हे तुम्हीच लिहिलं ना? तुम्ही जबाबदार न्हाई. आपा राहिल्या न्हाईत. मग मी माझी पोरगी कुणाच्या भरवशावर पाठवू? तुम्हीच सांगा.”

नसीम, मी! जिच्या तोंडाला तोंड द्यायला मोंढ्यातले दलाल घाबरतात ती मी, तिच्या हातातलं पत्रक घेऊन घड्या घालत बसले. तू इतकी वर्षं कलमं सांगितलीस, निकाल सांगितलेस, माझ्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. आणि या बाईनं मशीन चालवता चालवता एक साधा प्रश्न विचारला आणि इतकी वर्षं छापलेली ती ओळ मला पहिल्यांदा वाचता आली. सानिया दाराआड उभी होती. तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं, मौसी काहीतरी बोल, नाहीतर माझं खेळणं संपलं. या वर्षी घरी बसली असती तर पुढच्या वर्षी कोण तिला बाहेर काढणार होतं? लग्नाचं बघायला लागले असते. तिच्या घरी ते एकदा सुरू झालं की कबड्डी कुठं राहते.

म्हणून मी बोलून टाकलं. “मी जबाबदार. आणि नुसतं बोलत नाही, छापून आणते.”

छापून आणते म्हणाले खरं, पण आमच्या मंडळाची बैठक तुला माहीत आहे. बसवराजअप्पा अध्यक्ष, कपाळाला भस्म, हातात पानाचा डबा. मी नवं वाक्य वाचून दाखवलं. ‘खेळाचा धोका खेळाडूचा. मैदान, मॅट, गॅलरी, प्रवास, जेवण आणि डॉक्टर यांची जबाबदारी मंडळाची. इजा झाल्यास मंडळ जबाबदार.’ खाली माझा फोन नंबर. अप्पांच्या हातातलं पान तसंच राहिलं. “शिवा शिवा! ताई, ही स्पर्धेची जाहिरात हाय का अटक वॉरंट?” दोघं-तिघं उठून बाहेरच गेले. एक जण म्हणाला, आमचं नाव कमिटीतून काढा, आम्हाला लेकरंबाळं हायत. मी म्हणाले, लेकरंबाळं मुदखेडलाही हायत. अप्पा म्हणाले, “उद्या कुणी केस केली तर?” मग मी तुझंच सगळं ओकले. केस वाक्य असलं तरी होते, नसलं तरी होते. कोर्ट विचारतं तुम्ही काळजी काय घेतली. मग काळजीच घेऊ की! खेळाडूंचा विमा काढू, मैदानावर डॉक्टर बसवू, ॲम्ब्युलन्स फाटकाकडं तोंड करून उभी करू, जीपमध्ये पोरी कोंबायच्या नाहीत, दोन गाड्या पाठवू. अप्पांनी हातातलं पान तोंडात टाकलं. शेवटी म्हणाले, “छापा. पण माझा फोटो काढा पत्रकावरून.” अध्यक्षांचा फोटो नसलेलं कबड्डीचं पत्रक लातूर जिल्ह्यात पहिलंच निघालं असंल.

आदल्या दिवशी पोती बसवली. हमाल आता सरावलेत, चेष्टा करत करत लावतात, पुढच्या रांगेत बसलेल्या पोत्याला एकानं टोपी घातली होती. पूर्वेची गॅलरी ठणठणीत. पश्चिमेची, पाण्याच्या टाकीकडची, दुपारपर्यंत गप्प होती. मी आणि अप्पा चहा पीत होतो आणि कड्‌कन आवाज झाला! टाकी पाझरत होती, खालची काळी माती आतून भिजलेली, आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन खांब मातीत गेले, गॅलरी कलली आणि पोती धडाधड खाली. तीन-चार फुटली. मैदानभर सोयाबीनच सोयाबीन, कुठून कुठून शेळ्या धावल्या, मालक डोक्याला हात लावून पळतायत, हमाल हसून हसून खाली बसलेत. मी हसत नव्हते. अप्पा पण हसत नव्हते. टाकीकडच्या बाजूला सावली असते म्हणून दर वर्षी त्यांच्या घरच्या बायका आणि नातवंडं तिथंच बसतात.

अप्पांनी कप खाली ठेवला आणि टोपी काढली. मग मंडपवाल्याला हाक मारून म्हणाले, “ही बाजू सगळी उतरव. उद्या पाहुणा आला तरी त्याला सतरंजीवर बसव.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “ती नांदेडची वकीलबाई आज पाह्यजे होती.” मी म्हणाले, मुदखेडची, अप्पा. नांदेडला नुसतं कोर्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी उगाच शेळ्या हाकलायला गेले.

आणि मग स्पर्धा! काय सांगू तुला! पोरींनी आग लावली. नवं पत्रक वाचून घरच्यांनी सोडलं होतं, मुदखेडच्या दोन्ही गाड्या वेळेवर आल्या, सानिया उतरल्या उतरल्या पहिलं मला चिकटली, मग तुझं नाव घेतलं, मग लगेच विचारलं, “मौसी, जेवायला काय हाय?” पहिल्या सामन्यात लातूरच्या पोरींवर लोण चढवला, उपांत्य सामन्यात रेणापूरच्या घरच्या संघाला घरच्याच मैदानावर लोळवलं. लोक सतरंज्यांवर, ताडपत्रीवर, झाडाच्या पारावर, कुठंही बसलेले. पाहुणेही खाली बसले, थोडे कुरकुरले, मग सामना रंगला तसे विसरले. अंतिम सामना मुदखेड आणि शिरूर अनंतपाळ. शिरूरच्या पोरी म्हणजे नुसत्या पहिलवान. बरोबरी, मग त्या पुढं, मग आपण पुढं. तुझ्या जागी मुदखेडच्या संघाची मॅनेजर म्हणून माझंच नाव लिहिलेलं, मी पंचांच्या टेबलामागं उभी राहून हात चोळत होते आणि तुला सांगते, मनातल्या मनात प्रत्येक पकडीला तुझं मनगट धरत होते.

शेवटची काही मिनिटं राहिली आणि दोन्ही संघ परत बरोबरीत आले. सानिया चढाईला गेली. बोनस टिपला असता, पण मागून पकड बसली, ती खाली गेली आणि तिचं डोकं त्यांच्या कोपऱ्यातल्या पोरीच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज मला टेबलापर्यंत आला. खोटी पकड नव्हती, खेळच होता, शिरूरची पोरगी बिचारी स्वतःच घाबरून बाजूला झाली. शिट्टी झाली तशा तिघीचौघी सानियाला अलगद सोडून दूर सरल्या, रेषेपर्यंत ती पोचलीच नव्हती. बाद झाली. पण उठली. हसली. जीभ दाखवली. सगळ्या मैदानानं शिट्ट्या मारल्या.

डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आल्या. तिला बसवून डोळ्यात बॅटरी मारली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आत्ता कुणाशी खेळताय गं?”

“रेणापूरशी,” सानिया म्हणाली.

रेणापूरशी ती सकाळी खेळली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. तेवढ्यात आपल्या पोरींनी शिरूरची चढाई पकडली, गुण मिळाला, सानिया परत जिवंत झाली! नियमानं ती आत जाऊ शकत होती. शिरूरनंही लगेच एक गुण घेतला आणि परत एकानं पुढं. एकच चढाई उरलेली. मैदान पेटलं नसीम. “सानिया! सानिया! उतरवा तिला!” पाहुणे उठून ओरडतायत, पंच माझ्याकडं बघतायत, आणि खरी मजा बघ, सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं तर बसवराजअप्पा! “ताई, उतरवा पोरीला! एक चढाई!” सानियानं माझा पदर धरला. “मौसी, मी ठीक हूँ. एकच. आपासाठी एकच.”

आपासाठी म्हणाली गं. कुठं घाव घातला बघ. माझा जीव म्हणत होता, जाऊ दे तिला! आयुष्यभर मी हेच म्हणत आले, लागलं तर लागलं, खेळ. ती चढाई तिनं मारलीच असती, आजही मी पैजेवर सांगते, ढाल मुदखेडला गेली असती. आणि मला दिसत होतं ते मशीन, चालूच असलेलं, आणि ती बाही. मी सानियाला खाली दाबून बसवलं, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि पंचांना ओरडून सांगितलं, “बदली खेळाडू!” सानियानं माझ्या हातावर चावा घेतला. खोटं सांगत नाही, अजून खूण आहे. तिच्या जागी कोमल गेली, लहानखुरी, घाबरलेली. काय धावली ती, बोनसच्या रेषेवर पाय पोचला असं मला वाटलं, सगळ्यांना वाटलं, पण पंचांनी हात वर केला नाही. शिट्टी झाली. एका गुणानं गेला सामना.

शिरूरचं गाव नाचायला लागलं आणि आपल्या पोरी मॅटवर बसून हमसाहमशी रडायला लागल्या. सानिया माझ्याशी बोलंना. बोलली नाही तर नाही, मी तिला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, स्वतः बसले आणि लातूरला नेलं. वाटेत तिला उलटी झाली. मग मात्र ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लातूरला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव वगैरे काही नाही, मुका मार आहे, आजची रात्र इथं ठेवा, काही आठवडे खेळ बंद. आणि म्हणाले, याच्यावर दुसरा मार बसला असता तर मात्र मी असं बोललो नसतो. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि मोठ्यानं तुझं नाव घेतलं. नर्स बघायला लागली.

मग भाभीला फोन लावायचा होता. ॲम्ब्युलन्समधून एकदा लावला होता, ‘लागलंय, नेतोय’ एवढंच सांगता आलं, रेंज गेली. पत्रकावर नंबर छापणं सोपं होतं गं. भाभीनं पहिल्या रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. काय लागलं, कसं लागलं, डॉक्टर काय म्हणाले. सानियाशी तिला बोलायला दिलं. मायलेकी बराच वेळ बोलल्या, सानियाच जास्त बोलली, माझ्याकडं रागानं बघत बघत. मग फोन परत माझ्याकडं आला.

“अल्लाह का शुकर,” भाभी म्हणाली. “और मॅच?”

“हरलो भाभी. एका पॉइंटनं.”

“एक पॉइंट!” तिचा आवाज एकदम चढला. “सानिया म्हणती ती उठून उभी होती, चालत होती. अन् तुम्ही तिला धरून बसवलं?”

“हाव.”

“कायकू ताई? एक चढाई तर होती! पोरगी जिंकून आली असती! सगळी गल्ली मैदानात यायला तरसत होती, मी मशीन बंद करून बसले होते!”

“भाभी, डोक्याला लागलं होतं.”

“अहो कबड्डी है! लागतंच थोडंफार!”

मी भडकले ना नसीम. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर. म्हणाले, लागतंच म्हणजे काय? पकडीत लागलं तो खेळ, पण लागलेलं कळत असून परत आत पाठवलं तर त्याला खेळ म्हणत नाहीत. तो आळस, तो हलगर्जीपणा, आणि त्याचा धोका पोरीनं कायकू घ्यायचा? ती हो म्हणाली म्हणून काय झालं, तिच्या हो म्हणण्यानं माझी जबाबदारी धुऊन निघत न्हाई! भाभीनं मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मी बोलूच दिलं नाही. कलमं सांगितली. तुझ्या पहिल्या केसची गोष्ट सांगितली, मॅट कुणी जोडली होती पर्यंत, जज्जांचा आवाज काढून. आणि मग पलीकडून काहीच येईना. मला वाटलं परत रेंज गेली.

“ताई,” भाभी हळू म्हणाली, “आपाच बोलून राहिल्या असं वाटलं.”

मग फोन दोघींपैकी कुणी ठेवेना.